आबा, मी आणि दगडी पाला

माझे यजमान गेले तेव्हा आमचं लग्न होऊन फार काळ झाला नव्हता. केळीच्या बागेत पाण्याचा पाइप ओढताना त्यांच्या दंडाला खरचटलं होतं. ते वरून भरलंही होतं. मग ताप आला, आणि तो उतरेचना. जळगावच्या दवाखान्यात त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. डॉक्टर औषधं बदलत होते, रोज बाहेर येऊन आम्हाला सांगत होते, "रक्तात जंतू पसरलेत. औषधांना दाद देत नाहीयेत." त्यांनी प्रयत्नात काही कमी केलं नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण ते वाक्य ऐकलं की माझे सासरे, आबा, जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहायचे आणि डॉक्टर गेल्यावर मला विचारायचे, "दाद देत नही म्हंजे काय?"

मी त्यांना हाताला धरून बाकावर नेऊन बसवायचे.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे पांगले. असोद्याच्या घरात आम्ही तिघंच उरलो: आबा, सासूबाई आणि मी. माझ्या माहेरी, धुळ्याला, आई वाट बघत होती. भाऊ न्यायला येणार होता. मी पिशवी भरायला घेतली होती. सकाळी आबा ओट्यावर बसले होते, त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, तू कालेजात जंतूचंच शिकली व्हती ना?"

"हो आबा. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी होतं."

"मंग पुढचं शीक."

मला वाटलं, माझ्या पोटापाण्याची सोय बघताहेत. तसं असतं तरी मी हात जोडले असते. पण ते म्हणाले, "माह्या पोराले काय झालं व्हतं, हे मले समजलं नही. डाक्टर बोलले, मी मान हालवली. तू शीक, अन् मले समजून सांग. मले दुसरं काही नको."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "लोक काय म्हनतीन?" एवढंच त्या म्हणाल्या. पण भाऊ आला तेव्हा त्याला जेवायला वाढून, पिशवी न देता परत पाठवणाऱ्या सासूबाईच होत्या.

मी एमएस्सीला नाव घातलं. आबा मला मोटारसायकलवर जळगावला सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. बस होती, शेअर रिक्षाही होत्या, पण ते ऐकायचे नाहीत. कॉलेजच्या फाटकासमोर, रसवंतीच्या शेजारी ते गाडी स्टँडला लावून उभे असत. मी मागे बसले की गाडी गावाबाहेर पडेपर्यंत काही बोलत नसत. मग मान किंचित वळवून विचारायचे, "आज काय शिकली?"

वाऱ्यात ओरडून बोलावं लागायचं. जंतू डोळ्यांना दिसत नाही, तो एकाचे दोन, दोनाचे चार होतो, असं मी त्यांना ओरडून सांगितलेलं आठवतं. ते म्हणाले, "म्हंजे केयीच्या पिलासारखं." केळीच्या बुंध्याशी नवी पिलं फुटतात, शेतकरी ती कापत राहतो, तरी ती फुटतातच. मी म्हटलं, "हो, पण फार लवकर. अर्ध्या तासात नवी पिढी."

पुढे एकदा मी त्यांना औषधाला दाद न देणं म्हणजे काय ते सांगितलं. औषधाने बहुतेक जंतू मरतात. पण एखाददुसरा असा असतो, की त्याला ते औषध लागत नाही. मग तोच उरतो आणि त्याचीच पिलं वाढतात. आबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता. "पुन्हा सांग," ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि ही मान दवाखान्यातल्यासारखी नव्हती. मग त्यांनी गाडी सुरू केली.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट घ्यायचं होतं. आमच्या मॅडम म्हणाल्या, आपल्या भागातल्या औषधी वनस्पतींच्या अर्कांनी जंतूंची वाढ थांबते का, ते बघ. मी घरी येऊन विचारलं, कोणती झाडं घ्यावीत? त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांनी मोठ्याने बोलणं झालं. आबा म्हणाले कडुनिंब. सासूबाई म्हणाल्या निर्गुडी, बाळंतिणीला तिच्याच पाण्याने न्हाऊ घालतात. मग आबा म्हणाले, "अन् दगडी पाला! विळा लागला, की आमी त्याचाच रस लावतो जखमेवर."

दगडी पाला आमच्याकडे बांधावर कुठेही उगवतो. जमिनीसरपट पसरतो, पानं खरखरीत, आणि उंच दांडीवर एकच पिवळं-पांढरं बारकं फूल. मी तो लहानपणापासून बघत आले होते, पण कधी लक्ष दिलं नव्हतं.

मॅडमनी सांगितलं होतं, रस्त्याकडेचा नको, फवारणी झालेल्या शेतातला नको. आबा तसा पाला शोधायला लांब लांब जायचे. एकदा भडगावकडच्या पाहुण्यांकडे लग्नाला गेले आणि गिरणेच्या काठावरून धोतराच्या सोग्यात पाला बांधून आले. सासूबाई तो निवडायच्या, पाण्यातून काढायच्या आणि जुन्या लुगड्यावर सावलीत पसरायच्या. उन्हात घालायचा नाही, असं मी सांगितलं होतं, तर ऊन सरकलं की त्या लुगडंही सरकवायच्या. शेजारणी विचारायच्या, "ह्याची भाजी करता का?" सासूबाई म्हणायच्या, "सुनेचा अभ्यास हाये तो." त्यांच्या तोंडून 'सुनेचा अभ्यास' हे शब्द ऐकले, की मी आत जाऊन उगाच भांडी हलवत बसायचे.

वाळलेल्या पाल्याची पूड करायची, ती अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, मग द्रव उडवून टाकायचा. तळाशी काळपट हिरवा, चिकट अर्क उरतो. ढीगभर पाल्यातून चमचाभर. काचेच्या चपट्या बशीत घट्ट खिरीसारखं खाद्य ओतलेलं असतं. त्यावर जंतू सारखे पसरायचे, मध्ये छोटी खळगी पाडून त्यात अर्क घालायचा आणि बशी उबेत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची दुधी साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर खळगीभोवती साय धरत नाही, नितळ गोल राहतो.

निंबाचा गोल आला, निर्गुडीचा अगदी बारीक आला. दगडी पाल्याने पहिल्यांदा काहीच दाखवलं नाही. मी अर्क पुन्हा केला, जरा घट्ट केला. मग एका सकाळी बशी उचलून उजेडाकडे धरली, तर स्टॅफिलोकोकस या जखमा पिकवणाऱ्या जंतूच्या सायीत, खळगीभोवती, स्वच्छ गोल. फार मोठा नव्हता. शेजारच्या बशीत तुलनेसाठी घातलेल्या औषधाच्या गोलापुढे तर लहानच. तरी मी पट्टी आणून त्याचं माप पुन्हा पुन्हा घेतलं.

संध्याकाळी मॅडमना विचारून मी आबांना प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, "बाबा, इथे चपला घालूनच या, खाली काच असते." ते ओशाळून पुन्हा घालून आले. मी बशी दिव्यापुढे धरली.

"ही पांढरी साय म्हणजे जंतू. आणि हे मधे..."

"हे मोकयं?"

"तिथे जंतू वाढले नाहीत. तुम्ही आणलेल्या पाल्यामुळे."

ते वाकून बघत राहिले. कुणाच्या झोपलेल्या लेकराकडे बघावं तसं. मग म्हणाले, "येवढे सारे मेले?" मी हो म्हटलं. पुढचे काही दिवस गावात ज्याला त्याला त्यांनी त्या गोलाचं माप बोटांनी दाखवलं. ते माप रोज थोडं वाढत होतं.

आबांना साखर होती. गोळ्या घ्यायचे, कधी विसरायचे. थंडी सरता सरता एकदा सासूबाईंना फरशीवर ओलसर पिवळे डाग दिसले, अंगणापासून खाटेपर्यंत.

"अहो, पाय दाखवा. काय गयते हे?"

आबांनी पाय वर केला. करंगळीच्या खाली बाभळीचा काटा मोडला होता, किती दिवसांपूर्वी कोण जाणे. त्यांना तो टोचलाच नव्हता. साखरेने पायाची जाणीव गेली होती. भोवतीचं मांस निळसर झालं होतं आणि त्यावर हिरवा लेप होता. दगडी पाल्याचा.

"कधीपासून लावताय?" मी विचारलं.

"व्हईन बरं. तूच दाखवलं ना मले. मरतात ते."

मी त्यांच्या पायाशी बसले. "आबा, ते बशीत मरतात. बशीत अर्क थेट जंतूवर पडतो. तो अर्कही ढीगभर पाला आटवून, गाळून केलेला. इथे जंतू आत आहेत, मांसात. वरून चोळलेला पाला तिथे पोचत नाही. उलट पाल्यावरची माती आत जाते. आज दवाखान्यात जायचं."

"नही."

"आबा, पाय जाईल."

"जाऊ दे."

सासूबाई रडायला लागल्या. मी चिडले, मग विनवलं, मग पुन्हा चिडले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुपारी ताप चढला. मी कपाळावर ओली घडी ठेवत होते, तेव्हा ते डोळे मिटूनच बोलले, "पोरी, पाल्यानं बरं व्हनार नही, हे मले बी समजते. पन त्या दवाखान्याचा जिना मले चढवत नही. तिथं गेलो की मी तिथंच उभा राहीन."

इतक्या महिन्यांत त्या जिन्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मीही जळगावात त्या रस्त्याने जात नसे, लांबच्या चौकातून वळसा घालायचे. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"तू बी?"

"मी पण."

मी कपाळावरची घडी बदलत म्हटलं, "मग तिथे नको. धुळ्याला चला. माझ्या माहेरच्या गल्लीजवळ सर्जन आहेत. आबा, सगळं तळमजल्यावर आहे. जिनाच नाही."

ते हसले का कण्हले, मला कळलं नाही. पण उठून बसले.

भाचेजावयांची गाडी मागवली. मागच्या सीटवर आबांचा पाय सासूबाईंच्या मांडीवर. पारोळ्याला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी सवयीने साखर जास्त टाकायला सांगितली, आणि सासूबाईंनी खिडकीतून चहावाल्याला असं काही खडसावलं, की तापातही आबा गुमान बिनसाखरेचा प्याले.

सर्जननी पाय बघितला, एक्स-रे काढला. "करंगळी वाचणार नाही. पाऊल वाचवायचा प्रयत्न करतो," असं स्पष्ट सांगितलं. त्याच दिवशी चीरफाड केली, करंगळी काढली, आतला पू तपासायला पाठवला. अंदाजाने औषध सुरू केलं. म्हणाले, "खरं औषध तपासणी आल्यावर ठरेल."

ती तपासणी मला पाठ होती. पू बशीवर पसरायचा, जंतू वाढवायचे, मग निरनिराळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवायच्या. ज्या चकतीभोवती नितळ गोल, ते औषध लागू. मी कॉलेजात हे कितीदा केलं होतं. आता वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी त्या बशीची वाट बघत होते, आणि आबांचा ताप काही उतरत नव्हता. सासूबाईंनी त्या दिवसांत मला एकदाही विचारलं नाही, की पुढे काय होणार. फक्त मधून मधून माझा हात घेऊन आपल्या मांडीवर ठेवायच्या.

तिथल्या प्रयोगशाळेतल्या ताईंना मी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी आहे, हे सांगितलं होतं. अहवाल तयार झाला तेव्हा त्यांनी मला बोलावून बशी दाखवली. मी वाकून बघितली. एका चकतीच्या अगदी कडेपर्यंत साय. दुसऱ्या चकतीलाही तसंच. तिसरी, चौथी, जणू तिथे औषध ठेवलंच नव्हतं. मग ताईंनी बशी फिरवली. पलीकडच्या बाजूला एका चकतीभोवती मोठा नितळ गोल होता आणि शेजारी अजून एक.

"हे दोन लागू आहेत," त्या म्हणाल्या. "सरांना फोन केलाय. औषध बदललंसुद्धा."

मी मोबाइलवर बशीचा फोटो काढून घेतला. त्यांनी काढू दिला.

ताप हळूहळू उतरला. सकाळी मलमपट्टी करायला येणाऱ्या सिस्टर धुळ्याकडच्याच खेड्यातल्या होत्या, त्या अहिराणीत बोलायच्या. एक दिवस पट्टी सोडून म्हणाल्या, "बठ्ठा पू निंघी गया, आबा! आते पाय तुमनाच शे." सगळा पू निघून गेला, पाय आता वाचला, असं त्या सांगत होत्या. आबांना त्यांची बोली ऐकून बरं वाटायचं. ते आपल्या असोद्याच्या बोलीत उत्तर द्यायचे आणि दोघं एकमेकांच्या शब्दांना हसायचे.

त्याच दुपारी ते उशीला टेकून बसले होते. सासूबाई माझ्या आईकडे जेवायला गेल्या होत्या. मी आबांना मोबाइलवरचा फोटो दाखवला.

"ही तुमची बशी, आबा. तुमच्या पायातले जंतू. ह्या सगळ्या औषधांना ते जुमानत नाहीत, बघा. ह्या दोनांपुढे मात्र थांबले. त्यातलं एक तुम्हाला दिलंय."

त्यांनी चष्मा मागितला. फोटो मोठा कसा करायचा, ते मी दाखवलं. ते एकेका चकतीवर बोट ठेवत गेले. नितळ गोलावर बोट थांबलं. मग त्यांनी विचारलं,

"माह्या पोराची बी अशी बशी केली असंन?"

"केली होती. नक्कीच."

"त्यात एकबी गोल नव्हता?"

डॉक्टरांनी तेव्हा एक कागद दाखवला होता, त्यावरचे शब्द मला तेव्हाही वाचता येत होते. आबांना मी कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी असं कधी विचारलंच नव्हतं.

"नव्हता, आबा."

त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. चष्मा काढून मिटून ठेवला. मग रडले. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघत होते. दहनाच्या वेळीही ते रडले नव्हते, लाकडं नीट लागलीत का ते बघत होते. मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. आमच्यात सासरे आणि सून एका खाटेवर बसत नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता समजलं मले. डाक्टरानं बी काय करावं? आता समजलं."

माझी तोंडी परीक्षा झाली तेव्हा आबा घरी आले होते, कुबडी घेऊन अंगणापर्यंत चालत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या बशांचे फोटो बघितले आणि विचारलं, "म्हणजे दगडी पाल्याने जखम बरी होते, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही सर. एवढंच म्हणायचंय, की हा अर्क ह्या जंतूची वाढ बशीत काही प्रमाणात थांबवतो. त्यातलं नेमकं कोणतं द्रव्य थांबवतं, माणसाच्या अंगात ते चालेल का, किती द्यावं, अपाय होईल का, हे मला माहीत नाही. ते शोधायला हवं."

"शोधायला हवं असं का वाटतं?"

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी पाणी प्याले आणि म्हटलं, "कारण कधी कधी बशीत एकही गोल येत नाही."

त्यांनी मान खाली घालून गुण लिहिले.

आता मी धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवते. शनिवारी असोद्याला येते. गावातलं कुणी पायाची जखम घेऊन आबांकडे पाला विचारायला आलं, की ते आधी विचारतात, "साखर हाये का?" हो म्हटलं की त्याला मोटारसायकलवर बसवून थेट जळगावला नेतात, त्याच दवाखान्यात. पहिल्यांदा नेलं तेव्हा जिना चढले का, असं मी फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, "चढलो. पेशंट मांगं व्हता ना, थांबता कसं येईन?"

संध्याकाळी दिवा लावून झाला, की सासूबाई पाटावर बसतात. आबांचा पाय कोमट पाण्याने धुतात, जुन्या मऊ फडक्याने टिपतात, बोटांच्या बेचक्यात चष्मा लावून बघतात. तळव्याखाली माझा छोटा आरसा धरतात. आबांना गुदगुल्या होत नाहीत, त्या पायाला काहीच कळत नाही. तरी ते पाय मागे ओढून म्हणतात, "पुरे ना आता." आणि सासूबाई घोटा घट्ट धरून ठेवतात.